नवजात अर्भकाची रोगप्रतिकारशक्ती

जबलपूर शहरातील गढा हा भाग एके काळी गोंड राजांची राजधानी होता. राणी दुर्गावतीच्या राज्याला नाव मिळाले ते या गढ्यावरूनच. आज या परिसरात, नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूस, आरोग्यविद्येच्या दोन संस्था आहेत. एक १९५५ साली सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला पुढे नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव देण्यात आले. दुसरी आदिवासींच्या आरोग्याचे संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था. तिचा आरंभ १९८४ सालचा. महाविद्यालय निघाले त्या वेळी जबलपूर आणि नागपूर ही एकाच राज्यातील शहरे होती, आणि त्या राज्याचा कारभार हिंदी व मराठी अशा दोन्ही भाषांतून चालत असे. पुढच्याच वर्षी राज्यांची फेररचना झाली आणि सीमारेषा मध्ये आली.

ही रेषा बालकांच्या आयुष्यातही उमटलेली दिसते. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० सालच्या आकड्यांप्रमाणे मध्य प्रदेशात जिवंत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी ३१ बालके पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच दगावली; महाराष्ट्रात हाच आकडा ११ होता. सातपुड्याच्या उत्तरेस जन्मलेल्या बालकाचे शरीर दक्षिणेस जन्मलेल्या बालकाहून वेगळे नसते. वेगळे असते ते त्याच्या भोवतीचे जग. या मृत्यूंची मुख्य कारणे तीन : अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मतेवेळी श्वास कोंडणे आणि जंतूंचा संसर्ग. त्यांपैकी तिसऱ्या कारणाचा, आणि त्यावर योजल्या गेलेल्या एका विशिष्ट प्रकारच्या उपायांचा, विचार येथे करावयाचा आहे. जंतूंना मारण्याऐवजी बालकाचीच प्रतिकारशक्ती वाढविता आली तर? हा प्रश्न जुना आहे. त्यावर प्रयोगही पुष्कळ झाले आहेत, आणि त्यांची फळे मात्र सरसकट गोड नाहीत.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. इंग्रजीतील ‘इम्युनिटी’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ कर अथवा सरकारी चाकरी यांतून मिळालेली सूट असा आहे. आपल्याकडील माफीच्या जमिनीसारखा. ज्याला माफी आहे त्याच्या दारी वसुलीचा शिपाई येत नाही. मराठीत आपण त्यासाठी ‘रोगप्रतिकारशक्ती’ असा शब्द रूढ केला. शब्द चांगला आहे, तथापि त्यातील ‘शक्ती’ या पदामुळे एक गैरसमज शिरतो. शक्ती म्हटली की ती दूध-तुपाने वाढते, काढ्याने वाढते, बाटलीतल्या औषधाने वाढते, असे वाटू लागते. वस्तुतः शरीराची ही व्यवस्था एखाद्या तालमीतल्या पहिलवानापेक्षा गावाच्या राखणदारीसारखी आहे. राखणदार किती आहेत याइतकेच, ते कोणाला ओळखतात आणि हाक मारल्यावर वेळेवर येतात की नाही, यालाही महत्त्व असते.

गर्भाशयात बालकाला सामान्यतः जंतूंचा संपर्क येत नाही. जन्माच्या क्षणापासून मात्र त्वचा, नाक, तोंड आणि आतडे यांवर असंख्य जीवाणूंची वस्ती होऊ लागते. त्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी, कित्येक तर उपकारकच असतात. अशा वेळी बालकाच्या शरीराने प्रत्येक पाहुण्यावर शस्त्र उगारले तर त्याचे स्वतःचेच नुकसान व्हावयाचे. म्हणून नवजात अर्भकाची प्रतिकारव्यवस्था काही अंशी दबलेलीच असते, आणि हे दबलेपण निसर्गाच्या योजनेचाच भाग आहे. परंतु त्याची किंमतही द्यावी लागते. जंतूंना गिळून टाकणाऱ्या श्वेतपेशींचा अर्भकाच्या अस्थिमज्जेतील साठा तुटपुंजा असतो, आणि मोठा संसर्ग झाला की तो लवकर संपतो. त्वचा पातळ असते. विशिष्ट जंतूला ओळखून त्याला चिकटणारी जी प्रथिने, ज्यांना प्रतिपिंड म्हणतात, ती स्वतः तयार करण्यास बालकाला काही आठवडे, आणि त्यांतील काही प्रकारांसाठी काही वर्षेही, लागतात.

मग या मधल्या काळात ते जगते कशावर? उसनवारीवर. आईच्या रक्तातील प्रतिपिंडांपैकी ‘जी’ या गटातील प्रतिपिंडांना वारेतून पलीकडे जाण्याची मुभा असते. वारेतील पेशींवर त्यांना धरून नेणारे एक प्रथिन असते. ते त्यांना अलगद उचलून गर्भाच्या रक्तात सोडते. ही ने-आण चौथ्या महिन्याच्या सुमारास सुरू होते, पण तिचा मोठा भाग शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत होतो. पूर्ण दिवसांच्या बालकाच्या रक्तात या प्रतिपिंडांचे प्रमाण आईइतके किंवा आईहून किंचित अधिकही असते. जे बालक सातव्या महिन्यात जन्मते त्याच्या हाती ही शिदोरी अर्धीमुर्धीच पडते. आणि मिळालेली शिदोरीही कायमची नव्हे. दर तीन आठवड्यांच्या सुमारास ती निम्म्यावर येत जाते.

आईकडून अपत्याला संरक्षण मिळते हे प्रयोगाने दाखविण्याचा मान पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाचा. १८९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रयोगांत वापरलेली द्रव्ये आपल्या ओळखीची आहेत. सोनार ज्या गुंजेने सोने तोलीत असे त्या गुंजेतील विष, आणि एरंडीच्या बीतील विष. एर्लिखने उंदरांना ही विषे अत्यल्प प्रमाणात देत देत त्यांच्या अंगवळणी पाडली. मग अशा माद्यांची पिले आणि साध्या माद्यांची पिले यांची त्याने अदलाबदल केली. साध्या मादीच्या पोटी जन्मलेली पिले विषाला सरावलेल्या मादीच्या दुधावर वाढविली तेव्हा तीही विष सोसू लागली. बाप विषाला सरावलेला असून उपयोग होत नसे. जे काही मिळावयाचे ते आईच्या रक्तातून आणि दुधातून.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. उंदराच्या पिलाचे आतडे दुधातील प्रतिपिंड शोषून रक्तात घेते; मनुष्याच्या बालकाचे आतडे तसे फारसे करीत नाही. गाईची तऱ्हा आणखी निराळी. तिच्या वारेतून प्रतिपिंड वासराकडे जातच नाहीत, त्यामुळे वासराची सारी मदार पहिल्या चिकावर असते. चीक न मिळालेले वासरू सहसा धड जगत नाही, हे शेतकऱ्याला प्रतिपिंडाचे नाव ठाऊक नसताही पक्के ठाऊक असते. मनुष्यप्राण्यात रक्तातील रसद वारेतून येते आणि दुधातील प्रतिपिंड आतड्यातच पहाऱ्यावर राहतात. एका प्राण्यावरचा निष्कर्ष दुसऱ्यावर जसाच्या तसा लादता येत नाही, ही गोष्ट पुढे येणाऱ्या औषधांचा विचार करताना लक्षात ठेवण्यासारखी आहे.

वारेतून जाणारी ही रसद मुद्दाम वाढविता येते. प्रतिकारशक्ती वाढविण्याचा सर्वांत यशस्वी उपाय तोच, आणि तो बालकावर नव्हे तर गरोदर आईवर करावयाचा असतो. आपल्याकडे बाळाच्या जन्मानंतर पाचवी पुजतात, सहाव्या रात्री सटवी येऊन कपाळी नशीब लिहिते असे मानतात. या दिवसांची जुन्या बायकांना एवढी धास्ती का वाटे याचे एक कारण नवजात अर्भकांचा धनुर्वात हेही असावे, कारण अस्वच्छ विळ्याने अथवा पात्याने नाळ कापल्यावर होणारा हा रोग बहुधा याच सुमारास दिसू लागतो. दूध ओढणारे बाळ ओढेनासे होते, जबडा आवळला जातो, अंग धनुष्यासारखे ताठते. गरोदरपणी आईला धनुर्वाताची लस टोचली म्हणजे तिच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात आणि त्या दिवसांत त्याची राखण करतात. लस, स्वच्छ बाळंतपण आणि नाळेची स्वच्छता या तिघांच्या जोरावर आई व नवजात अर्भकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मान्य केले. रोगाचे बीज मातीत अद्याप आहेच, म्हणून टोचणे थांबविता येत नाही.

आता दुधाकडे वळू. बाळंतपणानंतर पहिले दोन-तीन दिवस येणारा दाट, पिवळसर चीक हा प्रमाणाने थोडा असतो, परंतु आतड्याच्या अस्तरावर पहारा करणाऱ्या ‘ए’ गटाच्या प्रतिपिंडांनी तो भरलेला असतो. शिवाय त्यात जिवंत श्वेतपेशी असतात, जंतूंच्या तोंडचे लोह काढून घेणारे लॅक्टोफेरिन नावाचे प्रथिन असते, आणि काही अशा शर्करा असतात ज्या बाळाला पचत नाहीत. त्या आतड्यातील उपकारक जीवाणूंसाठी असतात. या प्रतिपिंडांची खुबी अशी की आईच्या आतड्यात जे जंतू आले त्यांना ओळखणाऱ्या पेशी तेथून निघून स्तनापर्यंत प्रवास करतात. आई ज्या घरात, ज्या वस्तीत, ज्या रुग्णालयाच्या खोलीत राहते तेथील जंतूंविरुद्धचीच प्रतिपिंडे तिच्या दुधात उतरतात. एवढी अचूक मापे घेऊन शिवलेला अंगरखा कोणत्याही कारखान्यात मिळत नाही.

असे असता आपल्या समाजात एक चमत्कारिक विसंगती आढळते. गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस शेजारीपाजारी कौतुकाने वाटला जातो, आणि घरातील बाळंतिणीचा चीक मात्र ‘जड’ किंवा ‘खराब’ म्हणून पिळून टाकला जातो. बाळाच्या तोंडी मध, साखरेचे पाणी, अथवा सहाणेवर उगाळलेली गुटी दिली जाते. मुरडशेंग, वेखंड, हिरडा, जायफळ यांच्या गुणदोषांची चर्चा येथे करावयाची नाही. पण सहाण, पाणी आणि बोट यांवरून कितीएक जंतू त्या तिसऱ्या दिवसाच्या आतड्यात जातात याचा विचार अवश्य व्हावा. मधात तर एका घातक जीवाणूची बीजुके असू शकतात, आणि ती अर्भकाच्या आतड्यात रुजून स्नायू लुळे पाडणारा रोग उत्पन्न करू शकतात. म्हणून वर्षाच्या आतील मुलाला मध चाटवू नये, असे वैद्यकशास्त्र सांगते. घाना देशात सुमारे अकरा हजार अर्भकांच्या पाहणीवरून २००६ साली असा अंदाज निघाला की सर्व बालकांना जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजले तर नवजात मृत्यूंपैकी २२ टक्के टळू शकतील. भारतात २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत रुग्णालयादी संस्थांत होणारी बाळंतपणे ८८.६ टक्क्यांवर गेलेली दिसली, पण तासाभरात अंगावर पाजलेली बालके अवघी ४१.८ टक्के. म्हणजे दोष केवळ आजीबाईंना देऊन चालणार नाही. तो तास आता बहुतेक ठिकाणी परिचारिका आणि डॉक्टर यांच्या देखत जातो.

हीच गोष्ट मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात फार पूर्वी हेरली गेली होती. तेथील नवजात विभागाच्या प्रमुख डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्यापुढे प्रश्न असा होता की गर्दी अफाट, परिचारिका थोड्या, आणि अपुऱ्या दिवसांची बाळे संसर्गाने जात. नवी यंत्रे आणण्याइतका पैसाही नव्हता. त्यांनी बाटल्या आणि भुकटीचे दूध विभागातून काढून टाकले आणि ज्या आयांना तोवर दाराबाहेर ठेवले जाई त्यांना आत घेऊन बाळांच्या शुश्रूषेत सहभागी केले. पुढे ज्या बाळांच्या आयांना दूध नव्हते त्यांच्यासाठी, इतर मातांनी दिलेले दूध साठविणारी पेढी तेथे १९८९ साली सुरू झाली. आशिया खंडातील अशी ती पहिलीच पेढी. दान केलेले दूध ६२.५ अंश सेल्सियसवर तीस मिनिटे तापवून मग थंड करून गोठवितात. त्यामुळे रोगजंतू मरतात. पण सत्य लपवावयाचे नसेल तर हेही सांगितले पाहिजे की जिवंत पेशीही मरतात आणि प्रतिपिंडांचा काही भाग नष्ट होतो. सख्ख्या आईचे ताजे दूध पहिले, पेढीचे दूध दुसरे, आणि भुकटी अगदी शेवटी, असा क्रम त्यामुळेच लावला जातो.

आईच्या सहवासाचे मोल दुधापुरतेच नाही. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा येथे उबपेट्यांच्या टंचाईमुळे डॉक्टरांनी अपुऱ्या वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्यास आरंभ केला. कांगारूच्या पिशवीवरून या पद्धतीस कांगारू मातृसेवा असे नाव पडले. बाळ थोडे स्थिरावले की मगच ती करावी असा नियम पुष्कळ वर्षे चालत आला होता. तो तपासून पाहण्यासाठी दिल्लीसह पाच देशांतील रुग्णालयांत ३,२११ बालकांवर प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. जन्मताच आईच्या छातीशी ठेवलेल्या बालकांत अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू १२ टक्के, उशिरा ठेवलेल्यांत १५.७ टक्के. संसर्गाची शंका येण्याचे प्रमाणही पहिल्या गटात कमी होते. फरक इतका स्पष्ट होता की प्रयोग ठरल्या वेळेपूर्वीच थांबविण्यात आला. बाळाच्या त्वचेवर प्रथम वस्तीला येणारे जीवाणू रुग्णालयाच्या खाटेवरचे नसून आईच्या त्वचेवरचे असावेत, हेही यामागील एक कारण असू शकते.

आता ज्या उपायांना खऱ्या अर्थाने ‘प्रतिकारशक्तीवर्धक औषधे’ म्हणता येईल त्यांच्याकडे येऊ. त्यांची कल्पना तर्काला अगदी धरून होती. अकाली जन्मलेल्या बालकात प्रतिपिंड कमी आहेत काय? मग हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून प्रतिपिंड वेगळे काढून ते बालकाच्या शिरेतून द्यावे. लहान लहान प्रयोगांतून यश येतेसे वाटले. अखेर नऊ देशांत, गंभीर संसर्ग झालेल्या किंवा तशी शंका असलेल्या ३,४९३ अर्भकांवर मोठा प्रयोग झाला. निम्म्यांना प्रतिजैविकांबरोबर हे प्रतिपिंड दिले, निम्म्यांना तसेच दिसणारे निष्क्रिय द्रव्य. कोणाला काय दिले हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. दोन वर्षांच्या वयापर्यंत मृत्यू अथवा गंभीर अपंगत्व आलेल्यांचे प्रमाण मोजले तेव्हा ते दोन्ही गटांत ३९ टक्के निघाले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने एका महागड्या उपचाराची नेहमीची वापरणूक निराधार ठरविली. परक्या शहरांतील प्रौढांच्या रक्तातून गोळा केलेली प्रतिपिंडे त्या खोलीतील त्या जंतूला ओळखतीलच असे नाही; शिवाय संसर्ग पसरल्यावर ती पोहोचतात.

श्वेतपेशी कमी पडतात काय? मग अस्थिमज्जेला त्या तयार करण्याचा हुकूम देणारे द्रव्य टोचावे. ब्रिटनमधील २८० अतिशय लहान बालकांवर असा प्रयोग झाला आणि २००९ साली त्याचे फळ जाहीर झाले. हुकूम पाळला गेला, रक्तातील श्वेतपेशी खरोखरच वाढल्या. पण संसर्गाविना जगणाऱ्या बालकांची संख्या काही वाढली नाही. हे उदाहरण मला विशेष बोधप्रद वाटते. जाहिरातींत जेव्हा अमुक औषधाने रक्तातील अमुक घटक वाढतो असे छापलेले असते, तेव्हा त्यापुढचा प्रश्न विचारावयाचा राहून गेलेला असतो.

लॅक्टोफेरिनची कथाही अशीच. गाईच्या दुधातून काढलेले हे प्रथिन इटलीतील ४७२ अत्यल्प वजनाच्या बालकांच्या प्रयोगात तोंडाने दिले तेव्हा संसर्गाचे प्रमाण १७.३ टक्क्यांवरून ५.९ टक्क्यांवर आले; २००९ साली या बातमीने मोठी आशा निर्माण केली. दहा वर्षांनी ब्रिटनमधील २,२०३ बालकांच्या प्रयोगाचे आकडे आले : लॅक्टोफेरिन दिलेल्यांत २९ टक्के, न दिलेल्यांत ३१ टक्के. हा फरक योगायोगाच्या कक्षेत बसणारा. पहिल्या संशोधकांनी लबाडी केली असा याचा अर्थ नव्हे. थोड्या बालकांवरील प्रयोगात दैवाचा वाटा मोठा असतो, आणि बालके वाढविली की तो कमी होतो, एवढेच.

उपकारक जीवाणू पाजण्याच्या बाबतीत मात्र चित्र मिश्र आहे, आणि त्यातील सर्वांत उजळ रेघ भारतातील आहे. ओडिशातील १४९ खेड्यांत डॉ. पिनाकी पाणिग्रही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४,५५६ बालकांवर प्रयोग केला. बालके दोन किलो वा त्याहून अधिक वजनाची, जवळजवळ पूर्ण दिवसांची आणि अंगावर पिणारी होती. लोणच्यात, आंबविलेल्या पिठात आढळणाऱ्या जातीचा लॅक्टोबॅसिलस प्लँटारम हा जीवाणू, त्याला पोसणाऱ्या शर्करेसह, जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत सात दिवस दिला. पहिल्या दोन महिन्यांत सेप्सिस, म्हणजे सर्व शरीरभर पसरलेला जंतुदोष, अथवा मृत्यू, यांचे एकत्रित प्रमाण न दिलेल्यांत ९ टक्के तर दिलेल्यांत ५.४ टक्के निघाले. २०१७ साली हा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा जगाचे लक्ष तिकडे वेधले. याउलट ब्रिटनमध्ये फार अपुऱ्या दिवसांच्या १,३१५ बालकांना दुसऱ्या जातीचा जीवाणू दिला असता काहीच लाभ झाला नाही, आणि २०२३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा बालकांना जीवाणू देण्याविषयी धोक्याची सूचना काढली, कारण पाजलेल्या जीवाणूनेच रक्तात शिरून एका अर्भकाचा बळी घेतला होता. जात कोणती, मात्रा किती, बालक केवढे, यांवर सारे अवलंबून आहे. ओडिशाचा निष्कर्ष वाचून कोणी घरच्या लोणच्याचा खार बाळाला चाटवील तर तो अनर्थ होईल.

क्षयाची बी.सी.जी. लस क्षयाव्यतिरिक्त इतर संसर्गांपासूनही बाळाला वाचविते काय, हाही असाच अनिर्णीत प्रश्न. पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊ येथे कमी वजनाच्या बालकांना ती जन्मताच दिली तेव्हा नवजात मृत्यू सुमारे ३८ टक्क्यांनी घटले. पुदुच्चेरी व चिदंबरम् येथे दोन किलोहून कमी वजनाच्या बालकांवर लसीच्या रशियन वाणाने केलेल्या प्रयोगांत तशी घट दिसली नाही. क्षयासाठी ती देणे योग्यच आहे. बाकीचे अद्याप शोधाधीन आहे.

हे सर्व करूनही संसर्ग झालाच तर? त्याचे उत्तर गडचिरोलीने दिले आहे. गढ्याच्या गोंड राज्याप्रमाणे हा दक्षिणेकडील मुलूखही गोंडांचाच. तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९५-९६ मध्ये ३९ खेड्यांतील ७६३ अर्भकांची घरोघरी नोंद ठेवली. त्यांतील ४० दगावली, आणि निम्म्याहून अधिक मृत्यूंचे मुख्य कारण सेप्सिस होते. रुग्णालय दूर, बाळंतीण घराबाहेर पडावयाची नाही, आणि तान्ह्या मुलाला इस्पितळात नेण्याची रीत नाही. तेव्हा गावातीलच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्यात आले. बाळाचे वजन व ताप मोजणे, ऊब राखणे, स्तनपानास साह्य करणे, आणि धोक्याची चिन्हे दिसताच आईबापांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन देऊन तोंडाने को-ट्रायमोक्सॅझोल पाजणे, एवढे त्यांना शिकविले. चिन्हे साधी होती. पूर्वी चांगले रडणारे बाळ क्षीण रडू लागणे, ओढणे मंदावणे, अंग ढिले वा गार पडणे, पोट फुगणे, छाती आत ओढली जाणे, बेंबीतून पू येणे. सेप्सिस झालेल्या बालकांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. शेजारच्या इतर खेड्यांशी तुलना करता नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला, असे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दिसते. २०११ पासून देशभरातील ‘आशा’ कार्यकर्त्या नवजात बालकांच्या घरी ज्या भेटी देतात त्यांचे मूळ या प्रयोगात आहे. यातील कोणतेही चिन्ह दिसल्यास गुटी, काढा अथवा शक्तीचे औषध देत वाट पाहणे म्हणजे घड्याळाशी जुगार खेळणे होय. अशा बाळाला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात नेले पाहिजे.

तथापि प्रतिजैविकांवरही आता पूर्वीइतकी भिस्त ठेवता येत नाही. दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात १३,५३० नवजात बालकांची जी पाहणी झाली तीत संसर्ग करणाऱ्या जंतूंमध्ये ॲसिनेटोबॅक्टर हा जीवाणू अग्रभागी होता, आणि त्याचे ८२ टक्के नमुने अनेक औषधांना न जुमानणारे निघाले. त्यामुळेच बालकाच्या प्रतिकारव्यवस्थेला हात देण्याचा शोध, इतक्या अपयशांनंतरही, कोणी सोडून दिलेला नाही. फरक एवढाच की सुईचे टोक आता पुन्हा आईकडे वळले आहे. अर्भकांच्या फुप्फुसांना ग्रासणाऱ्या आर.एस.व्ही. या विषाणूविरुद्ध गरोदर स्त्रियांना टोचावयाची लस २०२३ साली अमेरिका व युरोप येथे मान्य झाली. अमेरिकेत ती आठव्या महिन्याच्या सुमारास देतात, म्हणजे प्रतिपिंडे तयार होऊन वारेतून पलीकडे जाण्यास पुरेसा अवधी मिळतो. नवजात अर्भकांच्या सेप्सिसचे एक मोठे कारण असलेल्या क्लेबसिएला आणि ‘ब’ गटातील स्ट्रेप्टोकोकस या जीवाणूंविरुद्धच्या तशाच लसी अद्याप प्रयोगावस्थेत आहेत.